सभात्यागाच्या दिवशी मी बसून राहिले

जिल्हा परिषदेत विरोधी पक्षनेता व्हायला आमच्यातलं कोणी तयार नव्हतं, म्हणून मी झाले. निवडणुकीत आमचा पक्ष हरला होता. पुरुषोत्तमनगरजवळ एका कार्यकर्त्याच्या शेतावर आम्ही निवडून आलेले मोजके सदस्य जमलो, तेव्हा दोघांचं लक्ष सत्ताधाऱ्यांकडून येणाऱ्या निरोपाकडे होतं आणि बाकीचे एकमेकांकडे बघत होते. मी म्हटलं, "मला द्या. मला भांडता येतं."

ते खोटं नव्हतं. अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यात माझा जन्म. घरात पावरी बोलायचो. मराठी मी आश्रमशाळेत शिकले आणि पुढे बरीच वर्षं अंगणवाडी सेविका होते. पोषण आहार वेळेवर यावा म्हणून तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसायची सवय तिथेच लागली. निवडणूक लढवायची ठरल्यावर नोकरी सोडली. नवरा म्हणाला, "शेत मी बघतो, तू ते सगळं बघ." सभेच्या दिवशी तो मला मोटारसायकलवरून अक्कलकुव्यापर्यंत सोडायचा आणि तिथून मी नंदुरबारची एसटी धरायची.

पहिल्या सभेत मी रस्त्यांवर तावातावाने बोलले. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. ते सपाटीवरचे मोठे शेतकरी, वागायला नेहमी नम्र. मी थांबल्यावर "ताईंच्या भावना आम्ही समजू शकतो," एवढं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. बाहेर चहाच्या टपरीवर आमच्या पक्षाचे एक म्हातारे कार्यकर्ते भेटले. शहाद्याकडचे, आयुष्यभर विरोधात काढलेले. ते अहिराणीत म्हणाले, "बहीन, तुन्हा राग खरा शे. पन राग इतिवृत्तमा येत नही. कागद वाच."

मी कागद वाचायला लागले. विषयपत्रिका हातात आली की जाता-येता एसटीत तीच वाचायची. कळलं नाही ते पेन्सिलीने अधोरेखित करून संबंधित अधिकाऱ्याला जाऊन विचारायचं. वर्षभरात अशी वेळ आली की मी उभी राहिले की अधिकारी आपापल्या फायली उघडायचे. प्रत्येक वेळी मी शेवटी म्हणायची, "माझं वाक्य आहे तसं लिहून घ्या."

मग एका सभेच्या विषयपत्रिकेत माहेरघराचा ठराव आला. डोंगरातल्या आरोग्य केंद्राशेजारी एक घर बांधायचं, दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच तिथे येऊन राहायचं. ठराव अध्यक्षांचाच होता. आदल्या दिवशी दुपारी आमच्या पक्षाच्या जिल्ह्यातल्या नेत्यांचा फोन आला.

"उद्या सभात्याग करायचा. विषय समित्यांवर आपला एकही माणूस घेतलेला नाही."

"करू. पण माहेरघराचा विषय झाल्यावर."

"तो पहिलाच विषय आहे, ताई. आणि त्याचं श्रेय त्यांनाच जाईल. विरोधी पक्षनेताच बसून राहिला तर उठणार कोण?"

मी त्यांना एक गोष्ट सांगितली. माझ्या भावाच्या बायकोला आम्ही झोळीत घालून डोंगर उतरवत होतो. अर्ध्या वाटेत, मोहाच्या झाडाखाली तिचं बाळंतपण मी केलं. दोघं वाचली. पण त्या वाटेवर सगळ्याच वाचतात असं नाही. ऐकून ते एवढंच म्हणाले, "पक्षाचा आदेश मी सांगितला."

दुसऱ्या दिवशी सभा सुरू होताच आमचे सदस्य घोषणा देत बाहेर गेले. मी एकटी बाकावर बसून राहिले. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, तुमचे लोक तर गेले. तुम्ही आमच्याकडे येताय की काय?"

सभागृहात हशा पिकला. तो संपेपर्यंत मी थांबले.

"मी विरोधी पक्षनेता आहे, अध्यक्ष महोदय. चुकीचं असेल तिथे विरोध करते. हा ठराव बरोबर आहे, पण अर्धा आहे. घरी दोन लहान पोरं टाकून कोणतीही बाई तिथे येऊन राहणार नाही. पोरांना आणि सोबतच्या बाईला राहायची सोय करा. चूल वेगळी द्या, आमच्या बायका आपल्या हातची भाकरी खातात. आणि तिथे पावरी बोलणारी एक तरी बाई नेमा. हे तिन्ही ठरावात घाला, मग माझा पाठिंबा लिहून घ्या."

अध्यक्षांनी आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकारी म्हणाले, "सूचना योग्य आहेत, साहेब." दुरुस्तीसह ठराव मंजूर झाला. मग मी बाहेर जाऊन आमच्या लोकांच्या घोषणांत सामील झाले. एकाने तोंड फिरवलं, एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

पक्षाने खुलासा मागितला. मी इतिवृत्ताची प्रत पुढे ठेवली. तेव्हा ते म्हातारे कार्यकर्ते हजर होते. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "ठराव त्यासना, पन कामनं बोलनी ही." ठराव त्यांचा असला तरी कामाचं हीच बोलली, असं त्यांनीच म्हटल्यावर विषय तिथेच संपला. काही दिवसांनी अध्यक्षांनीही निरोप पाठवला, की इकडे या, सभापतिपद देतो. मी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. विरोधी बाकावरून काम होतं, हे मी नुकतंच करून पाहिलं होतं.

माहेरघर उभं राहिलं. थंडीत मी तिथे गेले तेव्हा तीन बायका चुलीभोवती बसल्या होत्या, पोरं अंगणात लोळत होती. आंघोळीला गरम पाणी नाही, असं त्या पावरीत सांगत होत्या. ते वहीत टिपून मी पुढच्या सभेत उभी राहिले.

अध्यक्ष म्हणाले, "अहो ताई, या घराला तुम्हीच तर पाठिंबा दिला होता."

"दिला होता. म्हणूनच विचारते, गरम पाणी कधी?"

महिन्याच्या आत बंब आला.