रिजेक्टच्या क्रेटमधला गोड माल

टेम्पो सांगलीच्या बेदाणा व्यापाऱ्यांच्या गोडाउनच्या दाराला लागला होता, आमचं मशीन परत साताऱ्याला न्यायला. त्याचा ड्रायव्हर रिजेक्टच्या क्रेटपाशी बसून मूठमूठ बेदाणे खात होता.

"मॅडम, लय ग्वाड हाय की माल!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्रेटमध्ये फक्त काळा, खराब बेदाणा पडायला हवा होता.

बेदाणा निवडायचं हे आमच्या छोट्या कारखान्याचं पहिलंच मशीन. मालक रिटायर्ड सुभेदार, मी तिथली इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. सांगलीहून हे परत गेलं असतं, तर दुसरं कुणीही घेतलं नसतं.

काम तसं सरळ आहे. बेदाणे वेगवेगळ्या लाइनमधून येतात, प्रत्येक लाइनला स्वतःचा हवेचा व्हॉल्व्ह. कॅमेऱ्याला काळा बेदाणा दिसला की ट्रान्झिस्टर, म्हणजे बिनआवाजाचं बटण, सोलेनॉइडच्या कॉइलला करंट देतो. कॉइलचं लोहचुंबक होतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि हवेच्या फटक्यानं बेदाणा बाजूला उडतो.

"प्रेशर कमी करून बगितलं, तर काळाच माल पुढं जातोय," व्यापारी वैतागले. "बायकांना हातानं निवडायला बोलवू का आता?"

मी माल अगदी हळू सोडायला लावला आणि डोळे फाडून बघत बसले. काळा बेदाणा बरोबर उडत होता. पण त्याच्या मागून येणारे दोन-तीन चांगलेही उडत होते, दरवेळी. व्हॉल्व्ह वेळेवर उघडत होता, बंद व्हायला मात्र उशीर करत होता!

दोष डायोडचा होता. करंट तोडला की कॉइल उलटा झटका देते आणि ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून कॉइलवर डायोड लावतात, करंटला फिरायला वाट मिळते. पण त्या सपाट वाटेवर करंट रमतगमत फिरतो, आणि तोवर चुंबक सुटत नाही.

"डायोडला हात लावायचा न्हाई," माझ्यासोबत आलेले सुभेदार गरजले. "तो लावल्यापासनं एक ट्रान्झिस्टर शहीद झाला न्हाई."

"काढत नाही साहेब. त्याच्या जोडीला झेनर घालते."

झेनर म्हणजे त्याच वाटेवरचा चढ. करंट दमतो, लवकर थांबतो. चढ किती ठेवायचा, एवढंच नीट बघायचं. सप्लाय आणि झेनर यांचे व्होल्ट मिळून ट्रान्झिस्टरच्या सहनशक्तीच्या खाली राहिले पाहिजेत. मी हिशोब सुभेदारांसमोर मांडला. ते दोनदा बघून म्हणाले, "एकाच लाइनला लावा आधी."

लावला. त्या लाइनवर काळा एकटाच उडाला. शेजारच्या लाइनवर चांगलेही उडत होते. सुभेदारांनी स्वतःच सोल्डरिंग गन उचलली आणि माझ्यापुढे धरली. "बसवा सगळ्यांना!"

दुपारभर मशीन पूर्ण वेगानं चाललं. एकही ट्रान्झिस्टर उडाला नाही. व्यापाऱ्यांनी रिजेक्टचा क्रेट उपसून पाहिला, पण त्यांना शोधूनही चांगला दाणा सापडेना. मला नाचावंसं वाटत होतं.

चहा पिऊन आलेल्या ड्रायव्हरनं सवयीनं क्रेटमधली मूठ तोंडात टाकली आणि लगेच थुंकली.

"आवं मॅडम, काय केलं हे? पार कडू झालाय की माल!"

इतकी छान पावती मला आजवर कुणी दिलेली नाही. टेम्पो रिकामाच परत गेला. तेव्हापासून मी कुठलंही सर्किट तपासताना दोन गोष्टी बघते: ते जळत नाही ना, आणि वेळेवर थांबतं ना.