पायाळूची उसण

“तुमचा एमआरआय स्वच्छ आहे. हे मायोफेशियल पेन आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला रागच आला. इतके महिने पाय ओढत चालले, ते सोंग होतं की काय!

त्यांनी समजावलं. कुल्ल्याच्या खोल स्नायूत गाठ धरते, ती दाबली की कळ थेट पोटरीपर्यंत जाते. त्या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. दुखणं खरंच असतं, फक्त फोटोत येत नाही.

मी एसटीत कंडक्टर, कन्नड गावाच्या गाडीवर. हे दुखणं हटलं नाही तर मला डेपोत टेबलावर बसवणार होते. त्या विचारानेच धडकी भरायची. मला माणसं लागतात.

दवाखान्याआधी घरचा इलाज झाला होता. आमच्याकडे कमरेत उसण भरली की पायाळूची, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याची, लाथ लावून घेतात. पडेगावच्या आमच्या गल्लीत पायाळू एकच, ती मी. आता स्वतःच्या कमरेत लाथ कशी घालणार? सासूबाईंनी करमाडहून आपला पायाळू भाऊ बोलावला. “लाजू नको रं, घाल दणक्यात!” त्या भावाला म्हणाल्या, आणि मामांनी घातली. दुसऱ्या दिवशी मला पलंगावरून उठता येईना.

हे ऐकून डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “दाबायचं आपल्यालाही आहे, पण हळू. दणक्यानं स्नायू जास्तच आखडतो.”

मग शेक, ताणाचे व्यायाम आणि अल्ट्रासाउंड थेरपी. यात ध्वनिलहरींनी आतल्या स्नायूला ऊब देतात. मी आपली सोनोग्राफी समजून उपाशीपोटी गेले होते! फिजिओथेरपिस्ट मॅडम गाठीवर अंगठा धरून ठेवायच्या, सैल पडेपर्यंत. सासूबाईंना पटेना. “सुई नाय, गोळी नाय, ह्यो कसला दवाखाना?” खरं सांगते, मलाही पटत नव्हतं. मशीनपेक्षा घरचा कंटाळवाणा व्यायामच जास्त कामी आला, तोही फार सावकाश.

तुमचंही असं दुखत असेल तर आधी नीट तपासून घ्या. पाय बधिर होत असेल तर अंगावर काढू नका.

कळ अजून अधूनमधून येते. ड्यूटीवर परतले त्या दिवशीही निम्म्या वाटेत आली. कंडक्टरची जागा मी नेहमीसारखी एका म्हातारीला दिली होती. एरवी दात आवळून उभी राहिले असते. त्या दिवशी म्हटलं, “आजी, थोडं सरका, मलाही बसू द्या. उभं राहवत नाही.” बोलताना शरमेनं कान तापले.

म्हातारी सरकली. “बस की माय,” ती म्हणाली, “बसून तिकीट निघत नाय व्हय?”