बांगड्यांपायी राहिलेली तपासणी
स्पिरिटचा वास आला की मला स्वतःची किळस येते. बायकोची बोटं भाकरी थापताना बधिर पडत, म्हणून लातूरच्या एका दवाखान्यात करंट देऊन तिच्या नसांची तपासणी करायची होती. तिथल्या मुलीनं तिचा हात स्पिरिटनं पुसला आणि म्हणाली, "काका, करंट मनगटावर द्यायचाय. सुजेमुळं बांगड्या निघंनात, फोडाव्या लागतील." मी भडकलो. "मी जित्ता हाय अजून! नवऱ्यादेखत बांगड्या फोडता?" बायको काकुळतीनं म्हणाली, "अवो, तवर बांगड्यांच्या जागी दोरा बांधते की. लई मुंग्या येऊन राहिल्यात, करू द्या." पण बाहेरच्या बाकावर आमच्या रेणापूरची माणसं बसली होती. ती काय म्हणतील, म्हणून मी तिचा तोच हात धरून तिला ओढत बाहेर आणलं. पुढं अंगठ्याखालचं मांस झिजलं आणि आता उशीर झाला, ऑपरेशनचा उपयोग होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आता ओसरीवर बसून तिची वेणी मी घालतो आणि लोक मला देवमाणूस म्हणतात. करंटला तीच भ्याली, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. ती ऐकते, पण मला खोटं पाडत नाही. ती भ्याली नव्हती. नको मी म्हटलं होतं.