एका हाताचा निअँडरथल आणि आमचे तात्या

१९८५ चा डिसेंबर. मी नववीत, मुलुंडच्या एका मराठी शाळेत. विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी माझ्या गळ्यात विषय घातला... निअँडरथल मानव.

म्हटलं, लागली वाट! लायब्ररीत एकच जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. डिक्शनरी घेऊन बसले आणि हळूहळू त्यात गुंतत गेले. पुढे आलेल्या भुवया, रुंद नाक, आखूड मजबूत पाय... हजारो वर्षांपूर्वी कडाक्याच्या थंडीत मोठमोठ्या जनावरांची शिकार करणारी माणसं ती.

तेव्हा आमच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं आणि तात्या. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलेलं नव्हतं. गिरणीत मशीनमध्ये सापडून उजवा हात कोपरापासून गेला, तेव्हापासून ते आमच्याकडेच होते.

त्या आठवड्यात त्यांनी अचानक सांगितलं, मी गावी जातो, कायमचा. कोकणातल्या गावच्या घरात तर कोणीच राहत नव्हतं.

जा असं कोणी म्हटलं नव्हतं... पण राहा असंही कोणी म्हटलं नाही. रविवारची एसटी ठरली.

शुक्रवारी संध्याकाळी मी भाषणाची प्रॅक्टिस करत होते. आई आत पोळ्या लाटत होती, तात्या कॉटवर बसून ऐकत होते. इराकमधल्या एका गुहेत सापडलेल्या निअँडरथल माणसाबद्दल मी वाचायला लागले. उजवा हात कोपराजवळून गेलेला, एका डोळ्याने बहुतेक आंधळा, पायाने लंगडा. तरी त्या जखमा भरून आल्यावर तो कित्येक वर्षं जगला. म्हणजे बरोबरच्यांनी त्याला सांभाळलं असणार.

...आणि मी जीभ चावली. समोर कोण बसलंय याचं भानच राहिलं नव्हतं मला.

तात्या मात्र पुढे सरकून बसले. "उजवोच हात?"

"हो तात्या."

"मगे शिकारीक कसो जाय तो?"

"बहुतेक जात नसेल. पण त्याचे पुढचे दात खूप झिजलेत. कातडं वगैरे दातात धरून काम करत असावा, असं लिहिलंय."

तात्या हळूच म्हणाले, "पण गो बाय, दुसऱ्यांनी आणलेला खाताना तेका कसा वाटत असात... तां लिवलेला आसा काय खंय?"

हाडांवरून ते कसं कळणार...

आतला लाटण्याचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"भावोजी, ज्यांनी त्याला सांभाळलं ना, त्यांना तो हवा होता. नको असता तर त्या थंडीत टाकून गेले असते. तुम्ही कुठेही जायचं नाही. तिकडे तुमचं ताट कोण वाढणार आहे?"

तात्यांनी मान खाली घातली. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तात्या गेले नाहीत. प्रदर्शनाला आले आणि दिवसभर माझ्या चार्टपाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला त्या माणसाबद्दल स्वतःच सांगत बसले. मला बक्षीस काही मिळालं नाही. पुढे बारा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, ते आमच्याकडेच होते.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. परवा सहज तिच्याकडे हा विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी किती छान बोललीस गं तू!

ती हसली. म्हणाली, "छान कसलं? दोन खोल्या, पाच माणसं... खरं तर मी कंटाळले होते. ते मला हवे होते की नाही, मलाच कुठे ठाऊक होतं? तोंडातून निघून गेलं. मग तसं वागावं लागलं... आणि वागता वागता खरंच झालं."

पन्नाशी उलटल्यावर आई आत्ता कुठे कळायला लागलीये मला. ती अजून आहे, आणि तिला हे विचारता आलं... याहून मोठं सुख नाही.