पान्यांची पेटी

घुग्घुसला माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागून एका मोटारसायकल मेकॅनिकचं गॅरेज आहे. त्याला बायपोलर आजार आहे आणि तो गिऱ्हाइकांनाही हसत सांगतो, "कधी माह्यी रेसच अडकते, तं कधी किक मारून मारून बी चालू होत नाई."

रेस अडकली की नुसती धमाल. खाणीतून सुटलेल्या लोकांच्या काळ्याकुट्ट गाड्या तो फुकटात धुतो, गाणी म्हणतो, चार गोष्टी एकदम सांगतो. मागच्या खेपेला पंक्चरसाठी आलेल्या तीन गाड्यांची त्यानं इंजिनं खोलून ठेवली. मग महिनाभर शटरच उघडलं नाही.

बरा झाल्यावर रोज संध्याकाळी तो पान्यांची पेटी माझ्याकडे ठेवू लागला. "ताई, सकाळी मले झोप इचारा. पाच तासांच्या खाली असन, तं पेटी देऊ नोका."

काल तो नाचतच आला. "पेटी द्या ताई! आज हेलिकॉप्टर बी दुरुस्त करतो!"

"किती झोपले भाऊ?"

सात म्हणाला असता, तर मी पेटी दिली असती.

"दोन," तो म्हणाला आणि खो खो हसत स्वतःच्या गाडीची चावीही माझ्या हातावर ठेवली. "हे बी ठेवा. अन् डॉक्टरले लवकर फोन लावा, ताई. मले लय चांगलं वाटून राह्यलं."