कर्नाळ्याचा ळ

"वाचू नका, बघा," असं म्हणून बाई माझ्या दुकानातून निघायच्या आणि सरळ रस्ता ओलांडायच्या. पलीकडच्या भिंतीला पाठ टेकली की डावा डोळा मिटायच्या आणि मी काचेवर लावलेल्या कागदाकडे एका डोळ्याने बघत राहायच्या. मधून रिक्षा, टेम्पो जात. लोकांना वाटे, मावशींच्या डोळ्यात काहीतरी गेलंय. एकाने तर पाण्याची बाटली आणून दिली होती.

पनवेलमध्ये माझं फ्लेक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. म्हणजे चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांनी तुमचं जे आभाळ झाकतं, त्यात माझाही हात आहे. बाई मागच्या गल्लीत राहत. जन्मभर मुंबईच्या जाहिरात कंपनीत त्यांनी अक्षरं काढली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचा फॉन्ट करायला घेतला. नाव ठेवलं कर्नाळा, जवळच्या किल्ल्याचं. उभ्या रेघा किल्ल्याच्या सुळक्यासारख्या भरदार, आणि वळणं इतकी बारीक की बघताना श्वास रोखावा.

फॉन्ट माझ्या हाती देताना अटी घातल्या. फक्त मोठ्या नावाला वापरायचा. अक्षर ओढायचं नाही, दाबायचं नाही.

"मग खालचा पत्ता?" मी विचारलं.

"पत्त्याला साधं अक्षर घ्या. पैठणी नेसून कुणी भांडी घासतं का?"

बघता बघता साडीच्या दुकानाच्या पाटीवर, मिठाईच्या खोक्यांवर, पत्रिकांवर कर्नाळा दिसायला लागला. तुम्ही पनवेलला आला असाल तर तुम्हीही तो पाहिलाय. फक्त वाचून पुढे गेला असाल.

एक अक्षर मात्र बाईंना वश होत नव्हतं, ते म्हणजे ळ. कामापुरता एक काढून दिला होता, पण तो त्यांच्या मनातून उतरलेला. आठवड्याला नवा आणायच्या, रस्त्यापलीकडून बघायच्या आणि "नाही" म्हणून परत न्यायच्या. फॉन्टच्या स्वतःच्या नावातलंच अक्षर अडलं होतं.

अशात बाईंचं जायचं ठरलं. बाई बेने इस्रायली, कोकणातल्या ज्यू. त्यांची बहुतेक माणसं केव्हाच इस्रायलला गेलेली, आता त्याही लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या. तिकीट रविवारचं होतं. "अर्धवट टाकून जायची नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात गव्हाणहून एक काका पुतणीच्या हळदीचा बोर्ड करायला आले. तिकडे हळद लग्नाहून मोठी, आणि बोर्डही तसाच. काकांनी स्क्रीन न्याहाळला. "अक्षरा जरा ताना. जागा मोकली नाय पायजे."

बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला माऊस घेतला आणि बोर्डाच्या कोपऱ्यातला काकांचाच फोटो आडवा ओढला. काकांचे गाल कानांच्या पलीकडे गेले.

"घ्या. भरली जागा," बाई म्हणाल्या.

काका पोट धरून हसले. "नको बाय. अक्षरा हाय तशीच र्‍हाव द्या." मग पुढे वाकून त्यांनी 'हळदी समारंभ' या शब्दांवर बोट ठेवलं. "पन या अक्षराला चष्मा कशाला लावलाय?"

ळ ची दोन्ही पोटं अगदी सारखी होती. खरंच चष्मा. मला तो आधी कधी दिसला नव्हता आणि आता दुसरं काही दिसेना.

काका गेल्यावर मी म्हटलं, "बाई, हळदीत अक्षर कोण बघतंय? सगळे नाचत असणार."

"त्यांनी बघितलं ना," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

शुक्रवारी ऊन कलल्यावर नवा ळ घेऊन आल्या. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होई, आणि मग शनिवारची रात्र पडेपर्यंत बाई कामाला हात लावत नसत. मी घाईने कागद छापला, काचेवर लावला. बाई पलीकडे गेल्या, डोळा मिटला. आता उजवं पोट मोठं होतं, डावं लहान. मला तर झकास वाटला.

बाई परत आल्या. "डावं अजून किंचित कमी हवं. आणि मधला जोड बारीक."

मी माऊस त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी बाहेर बघितलं. ऊन समोरच्या गच्चीवर जाऊन बसलं होतं.

"मला घरी दिवे लावायचेत. राहिलेलं तुम्ही करा."

"मी?"

"बघायला शिकलात की."

ज्या बाईंनी आपल्या अक्षराला मला कधी बोट लावू दिलं नव्हतं, त्या असं म्हणून निघून गेल्या. शनिवारी मी किती वेळा रस्ता ओलांडला ते विचारू नका. शेवटी पलीकडच्या चहावाल्याने विचारलं, "शेठ, डोळ्यात काय गेलं?"

रविवारी बाईंना विमानतळावर सोडायला मीच गाडी काढली आणि मुद्दाम गव्हाणवरून घेतली. फाट्यावर बोर्ड लागला होता. बाई उतरल्या, रस्ता ओलांडून पलीकडे उभ्या राहिल्या. बोर्डाकडे बघायची माझी छाती होईना. मी बाईंच्या डाव्या डोळ्याकडे बघत होतो.

तो मिटला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून बाईंनी बोर्ड वाचला. मोठ्याने, 'हळदी समारंभ'पासून सुरुवात करून नवरीच्या नावासकट, खालच्या काका-मामांच्या रांगेसकट.

"छान होईल हळद," म्हणाल्या आणि गाडीत येऊन बसल्या. ळ चा विषयसुद्धा काढला नाही. मला मात्र पुढे बराच वेळ रस्ता धड दिसत नव्हता.

फॉन्टमध्ये आता तोच ळ आहे. बाईंची आठवण येते, शुक्रवारी जास्तच. नवा बोर्ड झाला की मी रस्ता ओलांडतो. समोरच्या भिंतीवर बाईंच्या पाठीने रंग उडालेला एक पट्टा आहे. बाई बुटक्या, म्हणून तो माझ्या कमरेच्या जरा वर येतो. तिथेच टेकतो आणि डावा डोळा मिटतो.