नात ठेवून घेतली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या घरी येणार नाही.

परवा टीव्हीवर बातमी चालू होती. नातीनं विचारलं, आजी, ओलीस म्हणजे काय गं? इथे बंगळूरला, बसवनगुडीत वाढलेली पोर, तिचं मराठी घरापुरतंच. मी म्हटलं, समोरच्यानं आपलं ऐकावं म्हणून त्याचं माणूस धरून ठेवायचं, ते ओलीस. ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘बरं’, म्हणून ती खेळायला पळाली. मी टीव्ही बंद केला. अगं बाई — हे तर मी केलंय! आणि धरून ठेवलं होतं ते हिलाच.

तेव्हा ही तीन वर्षांची. हिची आई मेधा, माझी सून, नागपूरची. तिची आई तिकडे शेवटच्या घटका मोजत होती. आणि निघायच्या आदल्याच दिवशी इथे नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं. मेधानं मोठी बॅग भरली. ती बघून मला वाटलं — ही आता परत येते कशाला? लेकुरवाळी माहेरी निघाली की पोर बरोबर जायचीच, कुणाच्याही घरी. पण मी गोडीगोडीनं म्हटलं, आजारपणाच्या घरात पोरीचे हाल कशाला, राहू दे माझ्याजवळ. केवढं मोठं माझं मन, नाही? मेधा रडली. माझ्या पाया पडली.

तिकडे तिचा मुक्काम लांबला. फोनवर म्हणाली, आई हात सोडत नाही हो. मला धीर धरवेना. मी सांगून टाकलं — पोरीला सणसणून ताप आहे, सारखी तुझं नाव घेतेय. ताप? कसला आलाय ताप! पोर समोर बसून डोसा खात होती.

मेधा मिळेल त्या विमानानं निघाली. इथे उतरली, फोन चालू केला, आणि कळलं — आई गेली. पोरीचा ताप मी रात्रभर पट्ट्या ठेवून उतरवला, असं मी तिला सांगितलं.

ती परतली असतीच हो. मला माहीत नव्हतं? होतं. आत कुठेतरी होतंच. तरी केलं. स्वतःची शिसारी येते.

मेधा अजून सगळ्यांना सांगते, सासूबाई होत्या म्हणून पोर वाचली. गेल्या आठवड्यात माझ्या गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाली, “आई, तेव्हा ताप खरंच खूप होता ना? माझ्या आईला सोडून आले, ते उगाच नाही ना आले?”

“खूप होता गं,” मी म्हटलं. आणि दुसरा गुडघा पुढे केला.